स्वीडनच्या बाईला हिचा आवाज

माझं शिक्षण सातवी. तेही सातवीत दोनदा बसून. लिहिताना कुठे चुकलं तर वाचणाऱ्याने मनातल्या मनात सुधारून घ्यावं, मला कळवू नये.

आमच्या संसारात एक तिसरी बाई होती. स्वीडन देशाची नटी. घाबरू नका, तिला आम्ही कधी प्रत्यक्ष पाहिली नाही. तिचं नाव मला धड म्हणता येत नाही, आणि जे म्हणता येत नाही ते लिहू नये असं माझं मत आहे. आमची ही तिला 'आपली' म्हणायची. "आज आपलीचा पिक्चर लावू या का?" असं. मीही तेच म्हणतो.

ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. दोन्ही वेळा लेकीने फराळ विकतचा आणला. चकली बरी होती म्हणतात. मी खाल्ली नाही.

मी दुबईपलीकडच्या फुजैराला व्हॅन चालवायचो. तिथल्या समुद्रात जहाजं तेल भरायला येऊन उभी राहतात, नजर जाईल तिथपर्यंत. त्यांना कांदे-बटाटे, मटण, साबण, दोरखंड असं सगळं पुरवणाऱ्या कंपनीत मी होतो. माल धक्क्यावर न्यायचा, लाँचमध्ये चढवायचा, कधी लाँचबरोबर जहाजापर्यंत जायचं. मालक केरळचा, भला माणूस. त्याने हिचा व्हिसा करून दिला आणि गोदामामागच्या दोन खोल्या दिल्या. आमच्या घराला कायम कांद्याचा वास यायचा. ही म्हणायची, "बरंय, पाहुण्याला वाटतं स्वयंपाक चाललाय."

पाहुणे कुठले यायला! मी सकाळी जायचो तो सूर्य डोंगराआड गेल्यावर यायचो. लेक लहान. टीव्हीवर सगळं अरबी. ही आमच्या देवगडकडची, घरात दहा माणसं, शेजारी पन्नास, अशात वाढलेली. दिवसभर न बोलता राहणं म्हणजे हिच्यासाठी उपासच. मी घरी आलो की ती बोलायची आणि मी जेवायचो.

एका स्वीडिश जहाजाचा भंडारी माझ्या ओळखीचा झाला होता. बोटीवरच्या स्वयंपाक्याला आम्ही भंडारी म्हणतो. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं. मी त्याला कोथिंबीर ताजी काढून द्यायचो, वरवरची चांगली आणि खाली सडलेली असली जुडी कधी दिली नाही. एकदा बोटीवर नवीन यंत्र आलं आणि जुन्या व्हिडिओ कॅसेटी फेकायला काढल्या, तर त्याने पिशवी भरून मला दिल्या. "फॉर वाइफ," म्हणाला.

त्यातली पहिली कॅसेट लावली ती आपलीची. समुद्रकाठचं गाव, मासळीचा धक्का, लालसर केसांची एक पोरगी टोपल्या उचलतेय आणि एक दाढीवाला तिच्यावर ओरडतोय. भाषा अशी की बोलणाऱ्याच्या घशात काटा अडकलाय. मी म्हटलं, "बंद कर, काय कळतंय?"

"गप्प बसा. मला कळतंय."

"काय कळतंय?"

"तो तिचा काका. बाप बुडून मेला, त्याची होडी ह्याने दाबलीय आणि आता विकायला काढलीय मेल्याने."

"तुला कोणी सांगितलं?"

"तोंड बघा की त्याचं!"

आणि ही बोलायला लागली. पोरगी तोंड उघडायची तेव्हा ही तिचं बोलायची, दाढीवाल्याचं जाड आवाजात बोलायची, मधेच एक म्हातारी यायची तर तिचंही. "काका, होडी माझ्या बापाची आहे, तिला हात लावलास तर हात राहणार नाही." तिकडे ओठ हलतायत, इकडे आवाज हिचा. लेक मांडीवर झोपलेली. शेवटी पोरगी होडीचा दोर सोडून तिच्यातून एकटी समुद्रात निघून जाते. तिथे तिकडे कोणीच काही बोलत नाही, म्हणून हीदेखील बोलली नाही. फक्त पदराने नाक पुसलं.

मला वाटलं एक दिवसाचा खेळ. पण कॅसेट परत लावली तेव्हा ही तेच बोलणं जसंच्या तसं बोलली. कितीदाही लावा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. जहाज परत आलं की भंडाऱ्याला मी आपलीचं चित्र हाताने काढून दाखवायचो, केस, उंची, चालणं, आणि तो हसून तिचा आणखी एखादा पिक्चर आणून द्यायचा. एकात ती नर्स होती. एकात श्रीमंताची बायको, जिला पियानो वाजवता येतो पण वाजवू देत नाहीत. हिने सगळ्यांना बोलणं दिलं. शेजारच्या मल्याळी बायका यायला लागल्या तर त्यांच्यासाठी तेच हिंदीतून. त्या रडायच्यासुद्धा. मी दारात उभा राहून बघायचो, पडद्यावरची एक बाई आणि जमिनीवर बसलेली एक बाई, आणि बाकी सगळ्या ह्या बाईकडे बघतायत.

एकदा ही म्हणाली, "अहो, पुरुषांचं तुम्ही बोला. माझा घसा बसतो."

मी बसलो. श्रीमंत नवरा आत येतो आणि बायकोला काहीतरी सुनावतो, तिथे मी म्हणालो, "यल्ला, चल, उशीर झाला."

"यल्ला काय? तो काय व्हॅन चालवतो? परत म्हणा. आणि मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे."

"खलास, मला नाही जमत."

"परत म्हणा."

मी परत म्हणालो आणि परत यल्ला आलं. धक्क्यावरचं अरबी जिभेवर बसलेलं, जात नाही. मल्याळी बायका हसून लोळल्या. हिने मला कामावरून काढलं. "तुम्ही झोपा," म्हणाली, "तुम्हाला तेवढंच येतं." तेव्हापासून पिक्चर लागला की मी झोपायचो. तिच्या आवाजात झोप फार छान लागायची.

काही वर्षांनी भंडाऱ्याने आणलेल्या पिक्चरांत आपली मागे मागे जायला लागली. आमच्या हिच्याच वयाची असावी. एकात ती कोणाची तरी आई झाली. पुढच्यात मावशी, दारात उभी राहते, दोन वाक्यं बोलते आणि जाते. हिला राग आला.

"बघा. पहिल्या कॅसेटमध्ये कॅमेरा हिच्या मागे धावत होता. आता ही कॅमेऱ्याच्या मागे धावतेय. बाईचं असंच. आधी पोरगी, मग आई, मग भिंतीवर हार."

त्या मावशीची दोनच वाक्यं होती, तरी हिने मागाहून तिला आणखी बोलायला लावलं. मावशी दारातून निघून गेली, पडद्यावर दुसरेच लोक जेवतायत, आणि आमची ही तिच्या आवाजात स्वयंपाकघरातून बोलतेय.

त्यानंतरच्या खेपेला भंडारी रिकाम्या हाताने आला. मी आपलीचं विचारलं तर मान हलवली. "नो मोर." मी म्हटलं, गेली बिचारी. घरी सांगायचं कसं? तर त्याने पिशवीतून एक स्वीडिश मासिक काढलं आणि पान उघडून दिलं. फोटोत बर्फच बर्फ. आपली जाड कोट घालून उभी, केस पांढरे व्हायला लागलेले, गळ्यात कानाला लावायचे हेडफोन, आणि एक बोट पुढे करून कोणाला तरी काहीतरी सांगतेय. चारपाच बाप्ये तिच्याकडे बघत उभे. भंडाऱ्याने हाताच्या बोटांची चौकट केली, डोळ्याला लावली आणि म्हणाला, "नाऊ शी मेक. शी मेक फिल्म."

ते पान हिने फ्रिजवर लावलं. येईल त्याला दाखवायची. "पुढे उभं राहू देत नाहीत म्हणून मागे जाऊन उभी राहिली. आता बघा कशी सगळ्यांना उभं करतेय."

फुजैरात आमची मराठी घरं मोजकी. बहुतेक तेलाच्या टाक्यांवर काम करणारे इंजिनियर, मुंबई-पुण्याचे, चांगल्या घरची माणसं. गणपतीत कोणाच्या तरी व्हिलाच्या हॉलमध्ये नाटक व्हायचं आणि त्यात मोलकरणीचं काम दर वर्षी हिला. "वहिनी, तुम्ही किती नॅचरल करता हो!" असं म्हणत. ही घरी येऊन म्हणायची, "नॅचरल म्हणजे काय ते मला कळतं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" त्या वर्षी नाटक बसवणारे साहेब बदलीवर मस्कतला गेले आणि नाटक कोणी बसवायचं यावर चर्चा सुरू झाली. सगळे एकमेकांकडे बघतायत. आमची ही कप गोळा करत होती. कप हातात तसेच ठेवून म्हणाली, "मी बसवते."

त्या टाक्यांवरचे मोठे साहेब म्हणाले, "वहिनी, मग मोलकरणीचं काय?"

"मोलकरीण नको. नोकर करू. तुम्ही करा."

साहेब इतके हसले की चहा सांडला. आणि खरंच केलं त्यांनी, धोतर गुंडाळून, खांद्यावर फडकं टाकून. हिने त्यांना कितीदा 'परत म्हणा' म्हटलं असेल! ऑफिसात त्यांच्यापुढे माणसं उभी राहत नसत, आणि हिच्यापुढे ते हात बांधून, "आता बरोबर का, वहिनी?" मला पडदा ओढायचं काम दिलं होतं. पडदा म्हणजे दोन चादरी. मी बाजूला उभा राहून हिला बघायचो. ही कधीच समोर आली नाही. टाळ्या पडल्या तरी नाही. मी हाताने खुणावलं की जा, तर म्हणाली, "आपली येते का पुढे?"

त्यानंतर दर वर्षी नाटक हिचंच. आणि दर वर्षी एकच हट्ट, आपलीने स्वतः बनवलेला पिक्चर बघायचाय. भंडारी रिटायर होऊन गेला. कॅसेटी गेल्या, दुकानं गेली, आमचं व्हीसीआर एक दिवस पट्टी गिळून बंद पडलं. पानावर नुसता फोटो, नाव ठाऊक नाही तर शोधणार कुठे? मी रिटायर झालो तेव्हा लेकीने आमचा व्हिसा तिच्यावर घेतला आणि आम्ही दुबईला, सिलिकॉन ओएसिसला, तिच्या सातव्या मजल्यावर आलो. ते मासिकाचं पान नव्या फ्रिजवर आलं. ही फार दिवस राहिली नाही. आजार कुठला ते लिहीत नाही, आजाराला मोठं करायचं नाही.

हॉस्पिटलमध्ये मला म्हणाली, "आपलीचा तो पिक्चर कधी मिळालाच तर बघा."

मी म्हटलं, "तू बरी हो, मग बघू."

"नाटकं करू नका, तुम्हाला येत नाहीत. बघा म्हटलं तर बघा. आणि झोपू नका."

एवढंच सांगितलं तिने मला. घर, दागिने, लेक, काही नाही. झोपू नका म्हणाली.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत नातीला कंटाळा आला. नववीत आहे, मराठी कळतं, बोलायचं म्हटलं की इंग्रजी. फ्रिजपाशी उभी राहून तिने त्या पानाचा फोनवर फोटो काढला आणि दोन मिनिटांत म्हणाली, "आजोबा, आय फाउंड हर."

"कोणाला?"

"आजीची ॲक्ट्रेस. शी इज अलाइव्ह. शी मेड सो मेनी फिल्म्स!"

मी खुर्चीत बसलो. आयुष्यभर जहाजांवर शोधलं ते पोरीने फ्रिजपाशी उभं राहून काढलं. नाव वाचून दाखवलं, मला नाही म्हणता आलं. आपली जिवंत आहे, म्हातारी झालीय, अजून बर्फात उभी राहून बोट दाखवते. आमची नाही.

नात उत्साहात. तिने आधी तो पहिला, होडीचा पिक्चर शोधला, इंग्रजी अक्षरं खाली येतात तसा, आणि एकटीने बघून टाकला. ती गोष्ट तिने आजीच्या तोंडून ऐकलेली होती. जेवताना म्हणाली, "आजोबा, आजी हॅड इट ऑल राँग. तो दाढीवाला अंकल नाहीये. ही इज हर फियान्से."

"म्हणजे?"

लेक म्हणाली, "बाबा, तिचं लग्न ठरलेलं असतं त्याच्याशी."

"त्याच्याशी? त्या मेल्याशी?"

"अँड द बोट इज हिज," नात म्हणाली. "शी स्टील्स इट."

मी ताटावरून उठलो. हसाल तुम्ही. पण इतकी वर्षं मी त्या दाढीवाल्याला काका म्हणून शिव्या घातल्या होत्या. बाप बुडून मेला होता, होडी बापाची होती. आता बाप नाहीच, काका नाहीच, पोरगी चोर. पुढे नर्सचं काय निघेल, पियानोवालीचं काय? मला दिसलं की नात एकेक करत सगळे पिक्चर बघणार आणि एकेक करत हिचं बोलणं पुसलं जाणार. आमच्या हिचा फोटो घरात आहे, साड्या आहेत. आवाज कुठेच नाही. कोणी रेकॉर्ड केला नाही. तिचा आवाज होता तो त्या पिक्चरांत होता, आणि माझ्या डोक्यात.

म्हणून आपलीचा तो पिक्चर, फोटोत ती बनवत होती तो, जो हिचा बघायचा राहिला, तो मी बघणार नाही म्हटलं. त्यात हिचा एक शब्दही नाही. तो बघितला म्हणजे पहिल्यांदाच आपली हिच्याशिवाय बोलणार.

लेक समजूत काढायला आली. "बाबा, आई वाट बघत गेली."

"ती गेली ना? मग मी का बघू?"

"तिने सांगितलं होतं तुम्हाला."

"तिने मला खूप काय काय सांगितलं. मी ऐकलं का कधी?"

लेक माझ्यावर गेलीय, ती पण फटकळ. म्हणाली, "नाही ऐकलंत. म्हणून तर एकच गोष्ट सांगितली तिने शेवटी. तेवढी तरी करा."

शुक्रवारी लेकीला अर्धा दिवस असतो. दुपारी आली, पडदे ओढले, बाहेर ऊन असं की काचेला हात लावू नये. टीव्ही माझ्या फुजैराच्या खोलीच्या भिंतीएवढा. नात माझ्या शेजारी बसली. मी तिला म्हटलं, "तू काही वाचायचं नाहीस."

"बट आजोबा, हाउ विल यू अंडरस्टँड?"

"ते माझं मी बघेन."

पिक्चर सुरू झाला. पाण्याकाठचं घर, बर्फ, एक म्हातारा, एक म्हातारी. दोघंच. मी आपलीला शोधतोय, ही म्हातारी ती नव्हे, नाक वेगळं. नातीला विचारलं.

"शी इज नॉट इन इट, आजोबा. शी डायरेक्टेड."

बरोबर. मागे उभी असणार. मग मी वेगळं बघायला लागलो. म्हातारी बटाटे सोलतेय ती कुठे बसलीय, म्हातारा दारातून येतो तो किती थांबतो. कोणीतरी सांगितलंय त्याला इथे थांब. कोणीतरी त्याला परत कर म्हटलंय. तो म्हातारा बिचारा किती वेळा आला असेल त्या दारातून! मला त्याची दया आली आणि हसूही आलं.

दोघं जेवायला बसली. म्हाताऱ्याने एक घास घेतला आणि तोंड उघडलं. त्या घशात काटा अडकलेल्या भाषेत काहीतरी बोलला.

मी म्हणालो, "मीठ कमी आहे."

नात माझ्याकडे बघायला लागली. "ही सेड समथिंग अबाउट द रूफ..."

"तू गप्प बस. मीठ कमी आहे."

लेकीने रिमोट उचलला आणि खालची अक्षरं काढून टाकली.

मग म्हातारी उत्तर द्यायला लागली. भरपूर बोलली, हात हलवून, चमचा दाखवून. मी तोंड उघडलं नाही. बाईचं बोलणं माझ्याकडे कधीच नव्हतं. ती तिच्या भाषेत बोलत राहिली, मी ऐकत राहिलो. काय बोलत असेल ते मला ठाऊक होतं, चाळीस वर्षं ऐकलंय, मीठ कमी वाटतंय तर उठून घ्या. ती थांबली की माझी पाळी. म्हातारा बोलला, मी बोललो. एकदा यल्ला आलं. येऊ दे. नात फिसकन हसली.

झोप आली नाही. शपथेवर सांगतो, डोळा लागला नाही.

शेवटी शेवटी म्हातारी खिडकीपाशी उभी राहते, आपल्याकडे पाठ. बाहेर पाणी गोठलेलं. कितीतरी वेळ काहीच होत नाही. म्हातारा मागे खुर्चीत. तो काहीतरी बोलतो, एकदम थोडं, दोनतीन शब्द. पाठीला बघूनच बोलतो.

मी म्हणालो, "बस आता. दमलीस."

आवाज बसला होता माझा. तिकडे म्हातारी वळली नाही. इकडे खोलीत एसीचा आवाज.

नात माझ्या दंडाला धरून म्हणाली, "आजोबा, लाउडर. ऐकू नाही आलं."

"काय?"

"परत म्हणा ना."

मी घसा खाकरला, ताठ बसलो, आणि मागच्या रांगेला जाईल असं परत म्हणालो.